बर्फाची सुट्टी



गेल्या दोन अंकांत आपण नामांकन आणि मृत्युपत्र यांतील फरक पाहिला. त्यावर वाचकांच्या बऱ्याच शंका आल्या आहेत. त्यांचा परामर्श पुढील अंकी घेईन. या वेळी हिशेबाचा विषय थोडा बाजूला ठेवावा असे वाटते. त्याला निमित्त एका फोनचे झाले.

माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आमच्या अक्काची, नात अमेरिकेत बोस्टनजवळ शिकते. या हिवाळ्यात एके दिवशी तिचा फोन आला.

“मामाआजोबा, काल रात्रीपासून दीड फूट बर्फ पडलाय. खिडकीबाहेर काही दिसत नाही.”

“मग आज कॉलेजला सुट्टी असेल!”

“सुट्टी कुठली? इमारत बंद आहे, पण तास ऑनलाइन. नऊ वाजता लॅपटॉपसमोर बसायचंय.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिच्या पिढीला त्यात विशेष काही वाटत नाही. अमेरिकेच्या थंड प्रांतांत फार बर्फ पडला की शाळा-महाविद्यालये बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. त्या दिवसाला तिकडे ‘स्नो डे’ म्हणतात. करोनाच्या काळात घरून शिकण्याची सोय झाली आणि ही सुट्टी हळूहळू आटू लागली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरात बर्फ पडला, तेव्हा तेथील सार्वजनिक शाळांनी सुट्टी न देता मुलांना घरूनच तासांना बसविले. सकाळी असंख्य मुलांना त्या यंत्रणेत प्रवेशच मिळेना, ही गोष्ट निराळी. परंतु बर्फ पडूनही काम थांबू द्यायचे नाही, असा निर्णय तेथील व्यवस्थेने घेतला, एवढे खरे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वस्थ बसून होतो. कारण माझ्या आयुष्यातील एक फार महत्त्वाचा निर्णय अशाच एका बर्फाच्या सुट्टीत झाला. ती सुट्टी मिळाली नसती, तर आमच्या वडिलांची आणि माझी खरी ओळख राहून गेली असती.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या या लेखकाचा बर्फाशी संबंध कसा, असे आपणांस वाटेल. बार्शीला आमची भुसार मालाची आडत होती. मी बी.कॉम. झालो त्या वर्षी आमच्या दाजींची, म्हणजे अक्काच्या यजमानांची, शिमल्याला बदली झाली. ते लेखापरीक्षण खात्यात होते. त्यांचे कार्यालय गॉर्टन कॅसल या जुन्या दगडी इमारतीत होते. अक्काला दोन लहान मुले, परका मुलूख आणि प्रकृती तोळामासा. तेव्हा आईने सुचविले की, धाकट्याने तिकडेच राहून एम.कॉम. करावे, त्याचे शिक्षण होईल आणि लेकीला सोबत होईल. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बोटावर मोजून सांगितले, “दोन वर्षं. त्यानंतर गादी.” अशा रीतीने १९८१ साली मी समरहिल येथील हिमाचल प्रदेश विद्यापीठात दाखल झालो.

शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरअखेरीस विद्यापीठाला हिवाळी सुट्टी लागे आणि फेब्रुवारीत वर्ग पुन्हा भरत. त्यामुळे आमच्या वाट्याला येणारा बर्फ हा डिसेंबरातला पहिला किंवा फेब्रुवारी-मार्चमधला उशिराचा. पहिला बर्फ मी पाहिला तो पहाटे. आदल्या रात्रीपर्यंत पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत होता आणि एकाएकी तो वाजेनासा झाला. मला वाटले, पाऊस थांबला. सकाळी पडदा सारला तर समोरचे देवदार पांढरे, कठडे पांढरे, दाजींनी बाहेर विसरलेली खुर्ची पांढरी. बर्फ पडताना आवाज होत नाही हे पुस्तकात वाचले होते. पण तो पडला की असलेले आवाजही नाहीसे होतात, हे तेथे कळले. ताज्या बर्फात बर्फ थोडा आणि हवा फार. त्या पोकळ्यांत आवाज मुरून जातो. म्हणून बर्फाची सकाळ बाजाराच्या गावातही देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांत असते.

सुट्टी जाहीर होण्याची काही ठरलेली पद्धत नव्हती. आम्ही चौडा मैदानाजवळ राहत असू. तेथून बालूगंजमार्गे समरहिल तीन-चार किलोमीटर. बर्फात चालत जायचे, वाटेत आणखी पाचसात जण भेटायचे, आणि विभागात पोहोचल्यावर कळायचे की प्राध्यापक मंडळीच पोहोचलेली नाहीत. मग तोच घोळका मागे फिरायचा. वाटेवर जुने व्हाइसरॉयचे निवासस्थान आहे. १८८८ साली बांधून झालेली ती वास्तू आज उच्च अध्ययन संस्थेची आहे. १९४५ साली देशाच्या भवितव्याची बोलणी जेथे झाली, त्या वास्तूबाहेरच्या उतारावर वाणिज्य शाखेचे आम्ही विद्यार्थी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बसून घसरत असू. पहाडी मित्र ताजा बर्फ वाटीत घेऊन त्यावर गूळ घालून खात. आपल्याकडे बर्फ वर्ज्य; शिवाय निघताना आईला शब्द दिलेला. त्यामुळे मी नुसता गूळ खाई. मित्र म्हणत, हा हुशार आहे, किमती माल तेवढा घेतो.

दुसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी संपत आला होता. बँकेतील अधिकारीपदाच्या लेखी परीक्षेला मी घरी न सांगता बसलो होतो, आणि मुलाखतीचे बोलावणे आले होते. दाजींना हे लपविणे योग्य वाटले नाही. त्यांनी बार्शीला कळविले. आठ दिवसांत अण्णा स्वतः शिमल्यात हजर झाले.

अण्णांनी दुकान सोडून एवढा लांबचा प्रवास त्यापूर्वी केला नव्हता. कालका स्थानकावर छोटी गाडी पाहून मात्र त्यांना धीर आला असावा. १९०३ साली सुरू झालेल्या कालका-शिमला मार्गाचे रूळ अडीच फुटी, आणि आमच्या बार्शी लाइट रेल्वेचेही तेवढेच. उतरल्या उतरल्या ते म्हणाले, “गाडी आपलीच आहे, फक्त डोंगर चढते.” शंभराहून अधिक बोगद्यांबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही.

संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले आणि त्यांनी विषय काढला.

“कॉलचं पत्र आलंय म्हणे.”

“हो, अण्णा.”

“मी उद्या सकाळच्या गाडीनं निघणार. लेकीच्या घरी मी एका रात्रीपेक्षा जास्त राहत नाही, तुला ठाऊक आहे. निघायच्या आत सांग. परीक्षा झाली की गादीवर येतोस की नाही?”

मी मान खाली घालून बसलो. हो म्हणवेना, आणि नाही म्हणण्याची आमच्या घरी रीत नव्हती. अक्का मुलांना निजवण्याच्या निमित्ताने आत गेली. दाजी वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. अण्णा म्हणाले, “बरं, सकाळी सांग,” आणि वळकटी बांधून उशाशी ठेवून झोपले.

रात्री केव्हातरी पत्र्यावरचा पाऊस वाजेनासा झाला.

पहाटे पाच वाजता अण्णा धोतर, काळी टोपी आणि कोट अशा पोशाखात दाराशी उभे होते. दार बाहेरच्या बाजूला उघडत असे, ते उघडेना. दाजींनी खिडकीतून डोकावून पाहिले. ओटा गुडघाभर बर्फाखाली गेला होता आणि बर्फ अजून पडतच होता. सकाळी केव्हातरी एक शेजारी निरोप घेऊन आले. गाडी बंद, मोटारी बंद, टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, वीज गेलेली.

“बंद म्हणजे किती वेळ?” अण्णांनी विचारले.

“सांगता येत नाही, अण्णा,” दाजी म्हणाले. “एक दिवस, कदाचित तीन.”

अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. ती भीती होती. तुरीच्या आवकेचे दिवस होते. बाजारात रोज गाड्या येत असणार, लिलाव होत असणार, शेतकऱ्यांच्या पट्ट्या द्यायच्या असणार, आणि मालक दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर एका बंद दाराआड. पहिला दिवस त्यांनी घड्याळ पाहण्यात घालविला. दहा वाजले की म्हणत, आता लिलाव सुरू झाला. बारा वाजले की म्हणत, आता दिवाणजींनी कीर्द लिहायला घेतली असेल. कोटाच्या खिशातून छोटी वही काढून ते आकडे मांडत आणि पुन्हा खोडत.

दुसऱ्या दिवशी बर्फ थांबला. ऊन पडले. एक गोष्ट सांगितली पाहिजे. बर्फ पडत असताना थंडी त्यामानाने बेताची असते, कारण आभाळाचे पांघरूण असते. आभाळ मोकळे झाले की खरी थंडी पडते. नळ गोठले होते. पिण्याच्या पाण्याचा हंडा अक्काने आदल्या संध्याकाळीच भरून ठेवला होता; भांडीधुण्यासाठी मात्र बाहेरचा बर्फ वितळवावा लागला. अण्णांनी ते काम अंगावर घेतले. काठोकाठ भरलेली बादली शेगडीवर चढविली आणि तळाशी जेमतेम तांब्या-दीड तांब्या पाणी उरलेले पाहून ते चकित झाले. “एवढी घट तर ओल्या तुरीतसुद्धा येत नाही!” असे म्हणून ते हसले. शिमल्यास आल्यापासून ते प्रथमच हसत होते. मग मुलांना हाताशी धरून त्यांनी किती बादल्यांना किती तांबे पाणी होते याचा रीतसर हिशेब लावला. ताजा बर्फ दहा इंच पडला तर त्याचे पाणी साधारण एक इंच होते, असे पुढे वाचनात आले. अण्णांचा आकडा त्याच्या फार जवळ होता.

धोतरात थंडी सोसवेना, तेव्हा अक्काने दाजींची लोकरी पँट त्यांच्यापुढे ठेवली. आयुष्यात प्रथमच त्यांनी पँट घातली आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. पायांतील बुटांचे तळ गुळगुळीत होते. माळ्यावर तांदळाचे रिकामे पोते होते, ते पाहून अण्णा म्हणाले, “बारदान आहे की!” त्याच्या पट्ट्या कापून त्यांनी माझ्या आणि स्वतःच्या बुटांवर सुतळीने अशा पक्क्या आवळल्या की, काचेसारख्या गोठलेल्या वाटेवरही आमचा पाय घसरला नाही. आम्ही दोघे बालूगंजच्या बाजारात गेलो.

बाजार बंद होता. परंतु दुकानदार घरी बसलेले नव्हते. सगळे रस्त्यावर उन्हाला उभे. कोणी बेलच्याने वाट मोकळी करीत होते, कोणी शेंगा खात होते, एक वयस्क कापडव्यापारी शेजारच्या किराणावाल्यावर बर्फाचे गोळे फेकीत होते. अण्णा ते पाहत राहिले. अखेर न राहवून त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत त्या कापडव्यापाऱ्याला विचारले, दुकान बंद राहिल्याने नुकसान किती होते? गृहस्थ हात झटकीत म्हणाले, “आज तो सबकी बंद है, लालाजी. फिर नुकसान किसका?”

परतताना अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेजारचं उघडं असतं म्हणून आपण उघडतो. आपलं उघडं असतं म्हणून शेजारचा.” एवढेच.

दुपारी माझा एक वर्गमित्र आला. तो कोटगढचा, सफरचंदांच्या बागाईतदाराचा मुलगा. बर्फाने बेजार झालेल्या घरात तो अगदी आनंदात शिरला. “चाचाजी, आसमान से फ़ीस गिरी है,” असे त्याने अण्णांना सांगितले. अण्णांना अर्थ लागेना. तेव्हा त्याने समजावून दिले. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. रेड डिलिशियससारख्या जातींना सात अंशांखालील थंडीचे हजार-बाराशे तास मिळावे लागतात; ते मिळाले नाहीत तर वसंतात फुलोरा धड येत नाही आणि फळ कमी धरते. शिवाय बर्फ सावकाश वितळतो, त्यामुळे पाणी वाहून न जाता मुळांशी मुरते. म्हणून तिकडचे बागाईतदार बर्फाला पांढरे खत म्हणतात. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोटगढला या जातीची लागवड सुरू केली आणि त्या डोंगराचे नशीब पालटले, हेही त्याने सांगितले.

मग गोष्ट व्यापारावर आली. माल दिल्लीच्या आझादपूर मंडीत जातो, आडत्या उचल देतो, पट्टीतून काय काय कापले जाते, हे तो मुलगा सांगत गेला आणि अण्णा ऐकत गेले. आडतीच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ काढलेला माणूस, माल आणणाऱ्याच्या घरचे बोलणे प्रथमच निवांत ऐकत होता. बार्शीत शेतकरी पट्टी घेऊन उठतो, कारण मागे दुसरा उभा असतो. येथे मागे कोणी उभे नव्हते. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, “पोरगा चांगला आहे. त्याच्या बापाला तोलाईत फसवतात, हे त्याला समजतं. पण बोलायचं कुणाजवळ, ते समजत नाही.” आणि काही वेळाने पुन्हा, स्वतःशीच बोलल्यासारखे, “म्हणजे झाडसुद्धा काही दिवस दुकान बंद ठेवतं, तेव्हा फळतं.”

त्या रात्री वीज नव्हती. खिडकीची फट उघडी ठेवून अक्काने कोळशाची अंगीठी मधोमध ठेवली होती. मुले निजली. बोलण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा अण्णा बोलू लागले.

१९४३ साली ते मॅट्रिक झाले. गणितात त्यांना इतके गुण होते की, मास्तर स्वतः घरी सांगायला आले. पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात जाऊन गणित शिकायचे त्यांच्या मनात होते. ट्रंकही घेऊन झाली होती. त्या पावसाळ्यात आजोबा गेले. घरात विधवा आई, तीन लहान भावंडे. दिवस झाल्यावर दुसऱ्याच सकाळी दिवाणजींनी सोळा वर्षांच्या मुलाला गादीवर बसविले. “त्या दिवसापासून आजपर्यंत,” अण्णा म्हणाले, “दुकानाला कुलूप असताना मी जागा आहे, असे हे पहिलेच दोन दिवस.” ती ट्रंक आम्ही सर्वांनी पाहिली होती. तिच्यात जुन्या खतावण्या असत. ती कशासाठी घेतली होती, हे मात्र अक्काला आणि मला त्या रात्री प्रथम कळले.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अण्णा मला गादीवर का बोलावतात, याचा मी केलेला विचार एवढाच होता की त्यांना दुकानाचा लोभ आहे. जे स्वतःला सोडावे लागले ते मुलाने सहज मिळवावे, यात बापाला आनंद आणि टोचणी दोन्ही असू शकतात, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते. मी म्हणालो, “अण्णा, मला आकड्यांचंच काम करायचंय. फक्त दुसऱ्या गादीवर.” त्यांनी उत्तर दिले नाही. अंगीठीतले कोळसे सारखे केले आणि म्हणाले, “झोपा आता.”

चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली. लेकीच्या घरी एका रात्रीचा नेम असलेले अण्णा चार रात्री राहिले होते. अक्का दारात रडत होती आणि हसतही होती. स्थानकावर मी वळकटी चढवून दिली. गाडी हलण्यापूर्वी अण्णांनी खिडकीतून माझ्या कोटाची बाही धरली. “हा कोट मुलाखतीला घालू नकोस. कोपराला झिजलाय.” आणि दोनशे रुपये माझ्या खिशात घातले. होकार म्हणायचा तो एवढाच.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. ते मी अजून जपून ठेवले आहे. नेहमीच्या क्षेमसमाचारानंतर लिहिले होते : ‘दुकान चार दिवस आणि प्रवासाचे दिवस धरून माझ्यावाचून चालले. दिवाणजींनी कीर्द चोख ठेवली आहे. एका पैचा फरक नाही. याचे वाईट वाटून घ्यावे की बरे, ते अद्याप ठरले नाही. मुलाखतीस वेळेवर जाणे.’

मी बँकेत लागलो. अण्णा आडत चालवीत राहिले, आणि पुढे ती माझ्या चुलतभावाने सांभाळली. पण गोष्ट येथे संपत नाही. १९८४ च्या मे महिन्यात अण्णांचे पत्र आले : अमुक तारखेपासून तीन दिवस बर्फाची सुट्टी आहे, अक्काला कळविले आहे, तूही रजा काढून ये. बार्शीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. मी गेलो तो दुकानाला खरोखरच कुलूप, आणि दारावर अण्णांच्या वळणदार अक्षरात पाटी : ‘घरगुती कारणास्तव दुकान तीन दिवस बंद राहील.’ तूर संपलेली, खरीप अजून दूर. हंगाम पाहूनच त्यांनी दिवस निवडले होते. कोणी विचारले की ते गंभीरपणे सांगत, “बर्फ पडलाय.” बाजारात ही थट्टा वर्षभर पुरली. त्या तीन दिवसांत कोणी कोठे जायचे नाही, पाहुण्यांना बोलवायचे नाही, वह्या उघडायच्या नाहीत, एवढाच नियम होता. माडीवर पाणी शिंपडून सगळ्यांनी बसायचे. पत्ते, आमरस आणि गप्पा. आईने आपल्या माहेरच्या गोष्टी प्रथम सांगितल्या त्या या सुट्टीत. धाकट्या आत्याच्या लग्नातील जुना रुसवा मिटला तोही याच सुट्टीत.

१९८४ ते १९९७ अशा चौदा सुट्ट्या अण्णांनी पाळल्या. त्यांतील आठ सुट्ट्यांना मी हजर होतो. सहांना नव्हतो. एका वर्षी शाखेची तपासणी होती. एका वर्षी नवी बदली झाली होती आणि लगेच रजा मागणे प्रशस्त वाटले नाही. एका वर्षी शाखेत संगणक आले. उरलेल्या तिन्हींची कारणे आज आठवतसुद्धा नाहीत, यावरून ती किती मोलाची होती ते कळते. १९९७ च्या सुट्टीला मी नव्हतो. ती शेवटची आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवाळीपूर्वी अण्णा गेले.

छत्तीस वर्षे बँकेत मी दुसऱ्यांच्या खात्यांतील बाकी काढीत आलो. बाकी राहिली की ती व्याजासह वसूल करता येते, असा आमचा शास्त्रार्थ. त्या सहा सुट्ट्यांची बाकी मात्र कोणत्याही व्याजाने वसूल होत नाही. शिमल्याला जे अण्णांना समजले आणि त्यांनी चौदा वर्षे आचरिले, ते माझ्यासमोर घडूनही मला समजायला निवृत्ती यावी लागली.

आपल्या घरांतून दुकान म्हणजे केवळ चरितार्थ नसतो. ती घराची प्रतिष्ठा असते, हे मी जाणतो. आता तर दुकान खिशातील फोनमध्येच येऊन बसले आहे; शटर ओढले तरी बंद होत नाही. पूर्वी पूर आला, संप झाला, वीज गेली की नाइलाजाने तरी माणसे एकमेकांसमोर बसत. तो नाइलाजही आता संपत चालला आहे. बोस्टनला दीड फूट बर्फ पडूनही आमच्या नातीचा नऊचा तास चुकला नाही. तेव्हा यापुढे बर्फ आपोआप पडेल याची वाट पाहता येणार नाही. अण्णांप्रमाणे तो आपल्यालाच पाडावा लागेल. आपल्या धंद्याचा मंदीचा हंगाम आपणांस ठाऊक असतो. त्यातील तीन दिवस दिनदर्शिकेवर आजच खूण करून ठेवावेत, मुलांना व लेकी-जावयांना आधी कळवावे, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हाती किल्ल्या देऊन पाहावे. दुकान आपल्यावाचून चालते, याचे वाईट वाटले तर ते एकच दिवस वाटते.

त्या दिवशी मी नातीला पुन्हा फोन लावला आणि विचारले, “तास किती वाजता संपतो?”

“साडेदहाला. का हो?”

“मग अकरा वाजता मैत्रिणींना घेऊन बाहेर जा. खाली बसायला पुठ्ठा ने.”

रात्री तिने छायाचित्र पाठविले. पाच मुली, पुठ्ठ्यांवर बसलेल्या, नाकाचे शेंडे लाल. मी ते अक्काला दाखविले. तिने चष्मा पुसून ते दोनदा पाहिले आणि म्हणाली, “यांच्या बुटांना बारदान बांधायला पाहिजे होतं.”

पुढील अंकी मृत्युपत्राविषयीच्या शंकांची उत्तरे. यंदाच्या मे महिन्यात मात्र आमच्या घरी तीन दिवस बर्फ पडणार आहे. त्या दिवसांत पत्रोत्तर येणार नाही, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.